औषध चुकलं, म्हणजे कोण चुकलं? गोवंडीतला एक शनिवार

रमजानला अजून तीन आठवडे होते. शनिवारी सकाळी आम्ही दोघं अंधेरीच्या मेट्रो स्टेशनवर सामान तपासणीच्या रांगेत उभे होतो. हातात दोन जड पिशव्या होत्या. गव्हाचं पीठ, तूरडाळ, शेंगदाणे, तेल, दूध पावडर, अंडी आणि आदल्या रात्री बसून वळलेले खजुराचे लाडू. पिशव्या पट्ट्यावरून पलीकडे गेल्या तेव्हा तिथल्या गार्डने हसत विचारलं, "चाचा, घर में शादी है क्या?" आम्ही म्हटलं, "नाही भाऊ, एका लेकीला भेटायला चाललोय." त्या लेकीला आम्ही तोवर पाहिलेलंही नव्हतं.

झालं असं की गेल्या वर्षी आम्ही ‘निक्षय मित्र’ म्हणून नाव नोंदवलं. सरकारने सप्टेंबर २०२२ मध्ये हे काम सुरू केलं. कोणीही माणूस, कुटुंब, संस्था किंवा मशिदीची जमात टीबीच्या एखाद्या रुग्णाच्या पोषक आहाराची जबाबदारी किमान सहा महिने घेऊ शकते. रुग्णाची संमती मात्र आधी घ्यावी लागते. आम्ही दर महिन्याला पिशवी भरायचो आणि ती भाचीच्या हवाली करायचो. भाची महापालिकेच्या एका हेल्थ पोस्टवर टीबी हेल्थ व्हिजिटर आहे. म्हणजे टीबीच्या रुग्णांच्या घरी जाऊन ते औषध नीट घेतात की नाही हे पाहणं हे तिचं काम. ती आमच्या मरहूम आपाची मुलगी. त्या महिन्यात तिचा फोन आला, "मामू, पिशवी दर वेळी माझ्याकडेच देता. ती जाते कुठे, एकदा येऊन बघा. मुमानीलाही आणा. मी त्यांना विचारलंय, ते ‘या’ म्हणालेत."

म्हणून आम्ही निघालो होतो.

अंधेरीहून घाटकोपरला जायचं म्हणजे पूर्वी ३४० नंबरची बस. साकीनाक्याला ती अशी अडकायची की माणूस एक डुलकी काढून उठला तरी बस तिथेच. ८ जून २०१४ ला मेट्रो सुरू झाली आणि वर्सोवा ते घाटकोपर हे ११.४ किलोमीटरचं अंतर चहा निवायच्या आत कापलं जाऊ लागलं. खिडकीतून मरोळच्या कंपन्या दिसतात, मग साकीनाक्याची दाटी, मग असल्फ्याची टेकडी. टेकडीवरच्या घरांच्या भिंती काही वर्षांपूर्वी निळ्या, गुलाबी, पिवळ्या रंगवल्या. लांबून फार छान दिसतं. घाटकोपरला उतरलो तेव्हा भाची जिन्याखाली उभी होती. डोक्याला स्कार्फ, खांद्याला पिशवी, पिशवीत रजिस्टर, मास्क आणि थुंकीच्या नमुन्याच्या डब्या.

"सलाम मामू, सलाम मुमानी. आधी चहा घ्या. तिथे गेल्यावर त्यांना चहासाठी धावपळ करायला लावायची नाही."

पूर्वेकडे चहा घेऊन आम्ही रिक्षात बसलो. घाटकोपर-मानखुर्द लिंक रोडला लागलो आणि भाची बोलायला लागली. इतकी वर्षं तिच्या नोकरीबद्दल आम्ही "बरं चाललंय ना?" यापुढे काही विचारलं नव्हतं, हे तेव्हा ध्यानात आलं.

तिच्या पोस्टवरच्या चौघीजणींनी मागच्या वर्षी एक प्रयोग केला होता. परदेशात काही ठिकाणी फार्मसीच्या आणि डॉक्टरीच्या विद्यार्थ्यांना खोट्या गोळ्या देतात आणि सांगतात, खऱ्या रुग्णासारख्या वेळेवर घेऊन दाखवा. तसंच यांनी पेपरमिंटच्या गोळ्या आणल्या. साध्या टीबीच्या रुग्णाला वजनाप्रमाणे रोज दोन ते पाच गोळ्या असतात, त्याही सकाळी रिकाम्या पोटी. यांनी प्रत्येकी तीन ठरवल्या. दिवस २८. प्रत्येकीला एक कार्ड आणि त्यावर २८ चौकोन. गोळी घेतली की खूण करायची. नियम एकच, घरात कोणालाही सांगायचं नाही, कारण त्यांचे बरेच रुग्णही घरात सांगत नाहीत.

"पहिला आठवडा छान गेला," भाची म्हणाली. "दुसऱ्या आठवड्यात नणंद राहायला आली. सकाळी स्वयंपाकघरात ती माझ्याआधी उठलेली. तिच्यासमोर डबी कशी काढू? एकदा सासूबाईंनी पाहिलं, विचारलं कसल्या गोळ्या, मी म्हटलं ताकदीच्या. एकदा शाळेच्या गडबडीत विसरले. एकदा चहा पिऊन मोकळी झाले आणि मग आठवलं की रिकाम्या पोटी घ्यायच्या होत्या. महिना संपला तेव्हा माझ्या कार्डावर सात चौकोन कोरे होते. आणि त्या पेपरमिंटच्या गोळ्या होत्या, मामू. उलटी नाही, चक्कर नाही, लघवी लाल नाही."

लघवी लाल म्हणजे काय, हे आम्ही विचारलं. टीबीच्या मुख्य गोळ्यांपैकी एक आहे रिफाम्पिसिन. तिच्यामुळे लघवीला नारिंगी-लाल रंग येतो. त्याने अपाय होत नाही, पण आधी कोणी सांगितलं नसेल तर माणूस रक्त समजून घाबरतो आणि गोळ्या बंद करतो. सांगायला अर्धं मिनिट लागतं.

"पण खरी गोष्ट वेगळीच आहे," भाची पुढे म्हणाली. "आमच्यातली एक रोज संध्याकाळी बाकीच्या तिघींना फोन करायची, ‘गोळी घेतली का?’ तिसऱ्या आठवड्यात मी न घेताच ‘घेतली’ म्हणायला लागले. खोटं बोलताना मला काहीच वाटलं नाही. तिचा आवाजच तसा होता, शाळेतल्या बाईंसारखा. मग एका रात्री मनात आलं, हा आवाज तर माझाच आहे. मी रोज वीस घरांत याच आवाजात विचारते."

रिक्षा सिग्नलला थांबली. तिने पिशवीतलं रजिस्टर थोपटलं आणि एका शब्दाची गोष्ट सांगितली. औषध सोडलेल्या रुग्णापुढे पूर्वी ‘डिफॉल्टर’ लिहायचे. बँकेचं कर्ज बुडवणाऱ्याला म्हणतात तोच शब्द. २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तो बदलला. आता म्हणतात ‘लॉस्ट टू फॉलो-अप’, म्हणजे पाठपुराव्यातून सुटलेला. भाची म्हणाली, "शब्द बदलल्याने काय होतं असं मला वाटायचं. पण बघा ना, डिफॉल्टर म्हटलं की गुन्हा त्याचा. सुटला म्हटलं की प्रश्न पडतो, धरून ठेवायचं काम कोणाचं होतं?"

पुढे शिवाजीनगरचा सिग्नल आला आणि हवेतला वास बदलला. आपल्यापैकी बहुतेकांना देवनार ठाऊक आहे ते बकरी ईदच्या बाजारामुळे. दरवर्षी बकरे घ्यायला आपण इथे येतो, भाव करतो आणि नाकाला रुमाल लावून परत जातो. त्याच देवनारला १९२७ पासून मुंबईचा कचरा येतो आहे. कचऱ्याच्या डोंगराभोवती शिवाजीनगर, बैंगनवाडी, रफीकनगर अशा वस्त्या आहेत. इथे जरीचं काम करणारे कारागीर आहेत, कपडे शिवणारे आहेत, भंगार वेचणारे आहेत. आपल्या समाजाची फार मोठी वस्ती इथे आहे आणि टीबीही इथे फार आहे. जगात दरवर्षी टीबी होणाऱ्या दर चार माणसांपैकी साधारण एक भारतातला असतो. मुंबईत ज्या भागांना सगळ्यात जास्त झळ लागते, त्यात हा एम-पूर्व वॉर्ड येतो.

लिंक रोडच्या कडेला सात-सात मजली इमारतींच्या रांगा लागतात. रस्ते आणि रेल्वेच्या कामांसाठी ज्यांच्या झोपड्या गेल्या, त्यांना इथे घरं दिली. नटवर पारेख कंपाऊंड, पुढे मानखुर्दला लल्लूभाई कंपाऊंड. लांबून बघितलं तर वाटतं, चला, पक्की घरं मिळाली. आत गेल्यावर कळतं. दोन इमारतींमध्ये काही ठिकाणी जेमतेम तीन मीटरचं अंतर आहे. ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने आयआयटी मुंबईच्या अभ्यासकांबरोबर या वसाहतींची पाहणी केली होती. खालच्या मजल्यांवर ऊन आणि वारा पोचत नाही आणि टीबीचं प्रमाण त्याच्याशी जोडलेलं आहे, असं त्या पाहणीत दिसलं. टीबीचे जंतू बंद, अंधाऱ्या खोलीत हवेत बराच वेळ टिकतात आणि उन्हात मरतात. म्हणजे इथे आजार नुसता माणसाच्या छातीत नाही, इमारतीच्या नकाशातही आहे.

आम्ही ज्या घरी गेलो त्या इमारतीचं नाव सांगत नाही. लिफ्ट बंद होती. पिशव्या घेऊन दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत आम्हाला दोनदा थांबावं लागलं. दिवसाचे अकरा वाजले होते आणि जिन्यात मोबाइलचा उजेड लावावा लागत होता. भाची म्हणाली, "दम लागला ना? फुफ्फुसं निम्मी झालेला माणूस हा जिना चढून-उतरून औषध आणायला येतो. एखाद्या दिवशी तो आला नाही की आम्ही लिहायचो, रुग्ण अनियमित."

दार उघडंच होतं. आम्ही मास्क लावले. मुलीचा थुंकीचा अहवाल आता निगेटिव्ह आला होता, तरी भाचीचा नियम पक्का आहे. खोलीत ट्यूबलाइट लागलेली. खिडकीशी शिलाई मशीन, शेजारी मॅक्सींच्या कापलेल्या कपड्यांचा ढीग. वीस-एकवीस वर्षांची मुलगी उठून उभी राहिली, सलाम केला आणि ओढणीने चेहऱ्याचा अर्धा भाग झाकून घेतला. तिची अम्मी म्हणाली, "बैठिए, बैठिए," आणि चहा ठेवायला निघाली. भाचीने तिला हात धरून बसवलं, "खाला, आम्ही पिऊन आलोय."

या मुलीचा टीबी साधा नाही. नेहमीची औषधं ज्याला लागू पडत नाहीत, असा हा टीबी. काही वर्षांपूर्वीपर्यंत याचा उपचार दोन-दोन वर्षं चालायचा. आता चार औषधांचा नवा कोर्स आला आहे, आपल्या देशाने तो सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर केला. बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन. साधारण सहा महिन्यांत काम होतं. दोन वर्षांचे सहा महिने झाले ही अल्लाहची मोठी कृपा आणि शास्त्रज्ञांची मोठी मेहनत. पण सहा महिने म्हणजे सुद्धा एकशे ऐंशी सकाळी.

तिने आम्हाला तिचा डबा दाखवला. बेडाक्विलिन पहिले दोन आठवडे रोज चार गोळ्या, मग आठवड्यातून तीन दिवस दोन-दोन. बाकीच्या रोज. आणि या गोळ्या जेवणाबरोबर घ्यायच्या, तरच नीट अंगी लागतात. आता या घरात सकाळचं जेवण म्हणजे काय, तर चहा आणि खारी. "खाऊन गोळी घे" असं चिठ्ठीवर लिहिणं सोपं. आमची पिशवी जाते कुठे याचं उत्तर आम्हाला तिथे मिळालं. अंडी आणि शेंगदाणे ही त्या घरात औषधाचाच अर्धा भाग होती.

मग भाचीने त्या मुलीला विचारलं, "तुझी गोष्ट सांगू का यांना?" मुलीने मान हलवली.

तीन महिने तिने एकही दिवस चुकवला नव्हता. मग अचानक चार दिवस गोळ्या घेतल्या नाहीत. फोन केला तर "घेते, घेते." भाची घरी आली. आधीची भाची असती तर दारातूनच रागावली असती, औषध किती महागडं आहे, सरकार किती खर्च करतं, तुझ्यामुळे घरच्यांना होईल, ही तिची नेहमीची तीन वाक्यं. त्या दिवशी तिने रजिस्टर उघडलंच नाही. बसली, खारी खाल्ली, आणि मुलगी शिवत होती ते बघत राहिली. पाच-सात मिनिटांत तिला दिसलं की मुलगी पुन्हा पुन्हा वाकून खाली बघते आहे. पाय पेडलवरून घसरत होता. पाय कुठे आहे हे तिला बघितल्याशिवाय कळत नव्हतं.

"पाँव अपने नहीं लगते, बाजी," ती म्हणाली होती.

या कोर्समधलं लिनेझोलिड काही रुग्णांच्या नसांना त्रास देतं. आधी पायाला मुंग्या, मग बधिरपणा. वेळेत लक्ष दिलं नाही तर हे नुकसान कायमचं राहू शकतं. मुलीला औषधाचं नाव ठाऊक नव्हतं, पण गोळ्या आणि पाय यांचा काही संबंध आहे हे तिने ताडलं होतं, आणि ते बरोबर होतं. पाय गेले तर मशीन गेलं, मशीन गेलं तर घर गेलं. म्हणून तिने पाय वाचवायला गोळ्या थांबवल्या. दुसऱ्याच दिवशी भाची तिला घेऊन डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांनी तपासून त्या एका औषधाचं प्रमाण कमी केलं आणि बाकी कोर्स पुन्हा सुरू झाला. हा निर्णय डॉक्टरांनीच घ्यायचा असतो, आपण घरी गोळी कमी-जास्त करायची नाही, हे वाचकांनी ध्यानात ठेवावं. पण डॉक्टरांपर्यंत ही खबर पोचली ती कोणीतरी खाली बसून पाहिलं म्हणून.

आम्ही विचारलं, "बेटा, तू आधी का नाही सांगितलंस?"

ती म्हणाली, "किसी ने पूछा ही नहीं. सब पूछते थे, गोली ली क्या." मग जरा हसून म्हणाली, "आधी आधी तर मी गोळ्या गादीखाली ठेवायचे. अम्मी रडायची म्हणून."

गादीखाली हा शब्द आला आणि आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

आमच्या आपाला टीबी झाला तेव्हा भाची पाच वर्षांची होती. साल १९९४. आपा उपनगरातल्या एका चाळीत राहायची. एका वर्षात तिचे तीन डॉक्टर झाले, तीन चिठ्ठ्या झाल्या. गोळ्यांनी पोटात आग पडते असं ती म्हणायची. आम्ही म्हणायचो, सब्र कर. एके दिवशी गादी उचलली तर खाली बिस्किटाच्या डब्यात गोळ्या. आम्ही सगळे तिच्यावर तुटून पडलो. लेकरांचा तरी विचार कर, असं बोललो. शेवटच्या डॉक्टरांनी कागदावर इंग्रजीत लिहून दिलं की रुग्ण सहकार्य करत नाही. १९९६ मध्ये आपा गेली. त्यानंतर घरात तिचा विषय निघाला की आम्ही म्हणायचो, तिने औषधच नीट घेतलं नाही. तीस वर्षं हेच म्हणत आलो.

त्या घरातून निघालो. जिन्यात अंधार होता, म्हणून बोलणं सोपं गेलं असावं. भाचीने विचारलं, "मामू, अम्मीच्या गोळ्यांचं काय झालं होतं? तुम्ही दोघं मघाशी असे का बघितलंत?" आम्ही तिला सगळं सांगितलं. डब्याचं, सब्र कर म्हटल्याचं, कागदावरच्या ओळीचं. ती मधल्या पायरीवर थांबली. आम्हाला वाटलं, आता ही आपल्याला काही बोलेल, आणि तिने बोलावंच. ती एवढंच म्हणाली, "हे मला आधी कळलं असतं, तर नोकरीची पहिली दोन वर्षं मी लोकांवर इतकी ओरडले नसते."

खाली आल्यावर तिनेच आमचं ओझं थोडं हलकं केलं. तिच्या प्रशिक्षणात तिने एक पाहणी वाचली होती. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेली, मुंबईच्या झोपडपट्ट्यांमधल्या खासगी डॉक्टरांची. सुमारे शंभर डॉक्टरांना विचारलं होतं, टीबीच्या रुग्णाला काय लिहून द्याल? उत्तरं आली ऐंशी तऱ्हेची. म्हणजे आपाच्या हातात तीन तऱ्हेच्या तीन चिठ्ठ्या आल्या यात नवल नव्हतं. कोणती गोळी किती दिवस, हे जिथे देणाऱ्यांचंच एक नव्हतं, तिथे घेणारीला आम्ही गुन्हेगार ठरवलं.

तिथून आम्ही तिच्या हेल्थ पोस्टवर गेलो. एक टेबल, दोन बाकं, भिंतीवर तक्ते. तिथे साताऱ्याच्या एक ज्येष्ठ सिस्टर आहेत, निवृत्तीला आलेल्या. त्यांनी जुन्या काळातलं सांगितलं. औषधांना दाद न देणाऱ्या टीबीसाठी तेव्हा पहिले सहा-नऊ महिने रोज इंजेक्शन असायचं. सिस्टर म्हणाल्या, "लोक सांगायचे, कानात आवाज येतो. आम्ही म्हणायचो, होतं तसं, सहन करा. त्यातल्या काहींचे कान गेले." त्या इंजेक्शनांचा तो दुष्परिणामच होता. मुंबईच्या नंदिता व्यंकटेशन यांची श्रवणशक्ती २०१३ मध्ये टीबीच्या उपचारात अशीच गेली. त्या खचून बसल्या नाहीत. दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांचीही श्रवणशक्ती अशाच उपचारात गेली होती. दोघींनी मिळून बेडाक्विलिनच्या पेटंटची मुदत वाढवण्याला भारताच्या पेटंट कार्यालयात विरोध केला, आणि मार्च २०२३ मध्ये तो मुदतवाढीचा अर्ज फेटाळला गेला. त्यामुळे स्वस्त औषधाची वाट मोकळी झाली. आज त्या मुलीच्या डब्यात इंजेक्शन नाही, गोळ्या आहेत. ज्यांचं कोणी ऐकलं नाही अशा रुग्णांचाही त्यात वाटा आहे.

सिस्टरांच्या टेबलामागे भिंतीवर एक छापील कागद चिकटवलेला होता. जवळच्या मशिदीचं सहरी-इफ्तारचं वेळापत्रक. आम्ही आश्चर्याने बघितलं तर त्या म्हणाल्या, "हे मी लावलंय. दरवर्षी रमजानमध्ये आमच्या कार्डावर चौकोन कोरे पडायचे. आम्ही सांगायचो रोजा ठेवू नका, लोक हो म्हणायचे आणि ठेवायचे. आमच्याशी खोटं बोलायचे आणि गोळीही जायची. मग मी तुमच्या भाचीला म्हटलं, मला आधी तुमचा रोजा समजावून सांग."

आता रमजानच्या तीन आठवडे आधीच प्रत्येक घरी विचारतात, रोजे ठेवायचं मनात आहे का? मनात असेल तर ते डॉक्टरांसमोर मांडतात. साध्या टीबीत, दिवसातून एकदाच औषध असेल आणि तब्येत सावरलेली असेल, तर डॉक्टर काही जणांना वेळ बदलून देतात. ज्यांना जमण्यासारखं नाही त्यांना स्पष्ट सांगतात. आणि अशा घरी इमामसाहेबही जाऊन येतात. सूरह बकरामध्ये आजारी माणसाला रोजे नंतर पूर्ण करण्याची सवलत आहे, हे आपण सगळे जाणतो. पण अशक्त मुलीला घरातल्या सगळ्यांसमोर सकाळी पाणी पिताना शरम वाटते, हे आपल्या ध्यानात येत नाही. इमामसाहेबांनी येऊन सांगितलं की ती शरम कमी होते. अल्लाहने दिलेली सवलत घेण्यात कमीपणा नाही.

साताऱ्याच्या सिस्टरांनी सहरी म्हणजे काय हे विचारून घेतलं आणि काम सोपं झालं. हे आपल्याकडे नवीन नाही. १९५६ मध्ये मद्रासला टीबीचं एक केंद्र सुरू झालं. तिथे रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला सॅनेटोरियममध्ये ठेवलं, दुसऱ्याला गरीब वस्तीतल्या त्यांच्याच घरी औषध दिलं. १९५९ मध्ये निष्कर्ष आले. घरी राहिलेले रुग्ण जवळजवळ तितकेच बरे झाले आणि घरच्यांना लागण होण्याचा धोकाही वाढला नाही. जगभर सॅनेटोरियम बंद व्हायला या अभ्यासाचा मोठा हातभार लागला. पण त्या घरगुती उपचारामागे एक गोष्ट होती, केंद्राची माणसं नियमाने रुग्णांच्या घरी जात होती. उपचार घरी आला तो माणसांच्या पायांनी आला. आजही देवनारला असलेल्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या ‘सक्षम’ प्रकल्पाने औषधांना दाद न देणाऱ्या टीबीच्या रुग्णांसाठी समुपदेशक नेमून तीच वाट धरली. घरी जायचं, बसायचं, ऐकायचं.

परतताना घाटकोपरला असरची नमाज पढून आम्ही मेट्रोत बसलो. डब्यातल्या माणसांकडे वेगळ्याच नजरेने बघत होतो. यातल्या कोणाच्या पिशवीत काय असेल? उपनगरात अशी घरं कमी नाहीत. बोरिवली पूर्वेला महापालिकेचं थॅलेसेमियाचं केंद्र आहे. थॅलेसेमिया मेजर असलेल्या मुलांना दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं आणि साचलेलं लोह काढायला रोज वेगळं औषध, तेही जन्मभर. मुलुंडपासून अंधेरीपर्यंत डायलिसिसवर असलेली माणसं आठवड्यातून तीनदा चार-चार तास यंत्राला बांधलेली असतात आणि घरी पाणीही मोजून पितात. आपल्या आजूबाजूला इन्सुलिन टोचून घेणाऱ्या खाला आणि चाचा तर घरोघरी. आमच्यातल्या एकाची प्रेशरची रोज एक गोळी. त्या दिवशी ती घ्यायची राहिली होती, हे साकीनाक्याला आठवलं.

आजाऱ्याला भेटायला जाणं हा मुसलमानाचा मुसलमानावरचा हक्क आहे, असं आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं आहे. आपण जातोही. फळं नेतो, दुआ करतो, आणि निघताना म्हणतो, "औषध वेळेवर घे हां." त्या दिवसापासून आम्ही हे वाक्य बदललं आहे. आता विचारतो, औषध घेताना त्रास काय होतो? कोणती वेळ जमत नाही? सोबत खायला घरात असतं का? उत्तर ऐकायला थांबतो. काही त्रास सांगितला तर तो डॉक्टरांपर्यंत किंवा हेल्थ पोस्टपर्यंत पोचवतो. टीबीच्या रुग्णाला सरकारकडून उपचार चालू असेपर्यंत आहारासाठी दरमहा १००० रुपये मिळतात. नोव्हेंबर २०२४ पूर्वी ते ५०० होते. ते बँकेत येतात की नाही हेही विचारतो. एवढं करायला डॉक्टर असावं लागत नाही.

आपाची आम्ही रोज माफी मागतो. आता ती ऐकायला नाही, पण तिची मुलगी आहे.

रात्री भाचीचा फोन आला. मुलीने लाडू खाऊन गोळ्या घेतल्या होत्या, आणि तिने मुमानीचं माप मागवलं होतं. "ईदचा ड्रेस मी शिवीन म्हणते. पैसे पूर्ण घेणार आहे, सवलत नाही, असंही म्हणाली." आम्ही दुसऱ्याच दिवशी कापड आणलं. ईदला तो ड्रेस घालून आम्ही पुन्हा तो जिना चढणार आहोत, इन्शाअल्लाह. तोवर तिचा कोर्स संपायला थोडेच दिवस उरलेले असतील. आपण सगळ्यांनी तिच्या पायांसाठी दुआ करावी.